सर्दीत मामाचा ‘बाबा’ का होतो?

मृगाच्या पावसात भिजून नाक चोंदलं, की ‘मामा’ म्हणायला जावं तर तोंडातून ‘बाबा’ निघतं आणि ‘नाना’चा ‘दादा’ होतो. नात्यांची ही अदलाबदल टाळूच्या मागच्या टोकामुळे होते. जीभ टाळूवरून मागे मागे नेली की शेवटी मऊ भाग लागतो. तो वर उचलला की नाकाची वाट बंद, खाली आला की उघडी. ‘ब’ आणि ‘म’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात, पण ‘म’ला हवा नाकावाटे निसटते. नाकच बंद असल्यावर ती जाणार कुठून? चिमटीत नाक धरून ‘म्म्म्’ लांबवून पाहा, आवाज लगेच कोंडतो. ‘भाकरी’ मात्र तशीही खुशाल म्हणता येते.

मराठीत या नाकातल्या आवाजांची चंगळ आहे. टिंब एकच, पण हिंगोलीत ते ‘ङ्’, औंढ्यात ‘ण्’, नांदेडात ‘न्’ आणि अंबडला ‘म्’. पुढचं अक्षर जिथे उमटायचं, तिथे जीभ किंवा ओठ आधीच जाऊन बसतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या क्विलियूट आणि मकाह भाषांत मात्र जुन्या ‘म’, ‘न’चे काळाच्या ओघात ‘ब’, ‘द’सारखे ध्वनी झाले. म्हणजे सर्दी नसतानाही तिथे मामाचा बाबाच!

दुसरं दार गळ्यात, स्वरतंतूंचं. मोंढ्यावर हमाल सोयाबीनचं पोतं पाठीवर घेताना दम धरतो, तेव्हा हे तंतू गच्च मिटलेले असतात. बोलताना ते असेच क्षणभर मिटून सुटले, तर तेही एक व्यंजनच. आपण त्याला अक्षर दिलेलं नाही, अरबीत त्याला हम्झा म्हणतात. हवाई बेटांच्या भाषेत सगळी मिळून 8 व्यंजनं, त्यांत हे एक. तिथे ‘मोआ’ म्हणजे कोंबडी, आणि ‘मो’नंतर गळा किंचित अडवून ‘आ’ म्हटलं तर ‘शिजलेलं’. डॅनिशमध्ये तर ‘ती’ आणि ‘कुत्रा’ या अर्थांच्या दोन शब्दांत फरक फक्त स्वरतंतू आवळण्याचा. शिकाऊ माणसाने जरा जपून बोललेलं बरं.

आपला ‘ह’ही याच दाराशी तयार होतो, फक्त दार अर्धवट उघडं असतं. गळ्यावर बोट ठेवून ‘सहा’ म्हणा: ‘स’ला थरथर नाही, ‘ह’ला आहे. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा ‘ह’ बहुधा बिनथरथरीचा, नुसता श्वास.

मला खरी गंमत वाटते ती ‘म्ह’ आणि ‘न्ह’ची. इथे नाकाची वाट उघडी आणि त्याच वेळी स्वरतंतू सैल, थरथरत श्वास सोडणारे. असं व्यंजन जगातल्या फार थोड्या भाषांत आहे, आणि मराठीत तर त्यावर अर्थ बदलतो: गळ्यातली माळ वेगळी, पितरांचा म्हाळ वेगळा. न्हावी, न्हाणी, म्हातारी, म्होरं... गावाकडे हे आवाज दिवसभर कानावर पडतात. वर्णमालेत मात्र त्यांना स्वतःचं घर नाही, ‘ह’ जोडूनच लिहावं लागतं. लंडनच्या पाहुण्याला ‘म्हैस’ म्हणायला सांगा, बहुधा ‘मैस’ नाहीतर ‘महैस’ ऐकू येईल.