दारिद्र्यरेषा

दारिद्र्यरेषा : जगण्यासाठी माणशी किमान किती खर्च लागतो, याचा हिशेब करून ठरवलेली रक्कम. ज्या कुटुंबांचा दरडोई खर्च तिच्याखाली राहतो, ती गरीब धरली जातात. भारतात हा हिशेब प्रथम मांडला गेला तो राज्यकर्त्यांना जाब विचारण्यासाठी. दादाभाई नौरोजी यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च काढला आणि हिंदी रयतेचे माणशी २० रुपये वार्षिक उत्पन्न त्यालाही पुरत नाही, हे आकड्यांनी दाखवले.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये एका अभ्यासगटाने १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा २० रुपये हे राष्ट्रीय किमान ठरवले. आरोग्य आणि शिक्षण सरकार पुरवील, असे गृहीत धरून तो खर्च त्यात घेतलाच नाही. गृहीतक कागदावर राहिले. फी आणि औषधे गरिबांच्या खिशातूनच जात राहिली. पुढच्या अनेक अंदाजांना हा दोष चिकटून राहिला.

या विषयावरचा सर्वांत कसदार वाद पुण्यात झाला. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दरडोई रोज २,२५० उष्मांक हा निकष धरला. तेवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळते, ती पातळी १९६०-६१ मध्ये खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाली. त्याखाली ग्रामीण जनतेपैकी ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोक होते. जमिनीच्या फेरवाटपाने सर्वांना पुरेल एवढी जमीन मिळणार नाही, म्हणून सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. महाराष्ट्रात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे याच दिशेने झटत होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. कामाचा हक्क कायद्यात आणणाऱ्या या योजनेचे मोल आजही पुरेसे ओळखले जात नाही.

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी उष्मांकाच्या निकषालाच हात घातला. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांनी उत्तर दिले की गरिबी आणि कुपोषण या वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मोजतो ती गरिबी. शरीरशास्त्रापुरते सुखात्मे यांचे म्हणणे वजनदार होते, पण कमी अन्नात तग धरणारे शरीर म्हणजे सुस्थितीतले घर नव्हे.

१९७९ मध्ये ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांक हे सरकारी निकष आले. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडला आणि शिक्षण व आरोग्यावरचा खर्च हिशेबात घेतला. त्यामुळे २००४-०५ साठीचे गरिबांचे प्रमाण २७.५ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. तरीही २०११ मध्ये याच रेषेच्या आधारे नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात रोज ३२ आणि खेड्यात २६ रुपये असे आकडे दिले, तेव्हा देशभर संताप उसळला. रंगराजन समितीने २०१४ मध्ये ते ४७ आणि ३२ केले.

देशात गरीब किती, एवढेच ही रेषा सांगते. गरीब कोण, ते तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी गावोगावी वेगळी सर्वेक्षणे झाली, आणि महाराष्ट्रातल्या माणसाला ‘दारिद्र्यरेषा’ भेटली ती त्या यादीतल्या नावाच्या आणि पिवळ्या रेशनकार्डाच्या रूपात.