कांदा-लसूण संशोधन

कांदा-लसूण संशोधन म्हणजे कांदा, लसूण आणि त्यांचे परदेशी भाऊबंद (लीक, चाइव्ह वगैरे, सगळे ॲलियम ह्या एकाच वंशातले) ह्यांच्यावर चालणारं वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि शेतीतलं काम. सातारा जिल्ह्यात लोणंद, फलटण, खटाव ह्या पट्ट्यात कांदा हा रोजच्या बोलण्यातला विषय, खरिपाचा हळवा संपला का, रब्बीचा गरवा कधी निघणार, आज काय भाव फुटला, हे टपरीवर चहा पिता पिता कळतं. भाव दिवसात बदलतो, नवी जात मात्र यायला वर्षानुवर्षं लागतात. शास्त्रज्ञ आळशी आहेत असं नाही, पीकच अडेलतट्टू आहे.

आता बघा, बी टाकलं की त्या हंगामात फक्त कांदा मिळतो, बी नाही. त्यातले चांगले गोट (बियाण्यासाठी ठेवायचे कांदे) निवडायचे, ते पावसाळाभर सांभाळायचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत लावायचे, मग डोंगळे (फुलांचे दांडे) येणार आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बी हातात येणार. म्हणजे एक पिढी बघायला दीड-दोन वर्षं गेली. त्यात परागीभवन माश्यांवर, आणि प्रत्येक फुलात पराग आधी गळतो नि तो धरणारा मादी भाग नंतर तयार होतो, त्यामुळे शेजारच्या रानातल्या कांद्याशी संकर ठरलेलाच. म्हणून बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या कांद्यापासून निदान अर्धा-एक किलोमीटर लांब ठेवायला सांगतात, आपल्याकडे बांधाला बांध लागलेल्या रानात ते कसं जमायचं हा प्रश्न वेगळा. आणि बरं, जात शुद्ध करायला म्हणून त्याच्याच परागाने दोन-तीन पिढ्या काढल्या तर झाडं मरतुकडी होत जातात.

संकरित कांद्याची वाट एका झाडाने उघडली. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियात डेव्हिसला हेन्री जोन्स ह्या शास्त्रज्ञाला इटालियन रेड जातीत एक असं झाड सापडलं की ज्याच्या फुलात चालणारा परागच नव्हता. एरवी असलं झाड बी न धरता संपलं असतं, पण ह्याच्या डोंगळ्यावर बारक्या बारक्या कांद्या धरल्या, त्या लावून ते टिकवता आलं. पुढे १९४३ मध्ये जोन्स आणि क्लार्कने हा नर-वंध्यपणा आईकडून कसा उतरतो ते मांडलं आणि संकरित बियाणं मोठ्या प्रमाणात करायची सोय झाली. नशीब म्हणायचं की अजून काय.

लसणाचं तर त्याहून अवघड. आपला लसूण बी धरतच नाही, पाकळी लावायची नि पाकळीच काढायची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तेच झाड, आणि त्याच्यातले व्हायरसही पाकळीबरोबर पुढे. बी देणारे लसूण १९८० च्या दशकात मध्य आशियात सापडले, लसणाचं मूळ घरही तिकडचंच.

डीएनए बघायला जावं तर कांद्याच्या गुणसूत्रांच्या एका संचात डीएनएची साधारण १,६०० कोटी अक्षरं, माणसाच्या पाचपट! लसणाचंही तेवढंच. लसणाचा जीनोम (म्हणजे हा सगळा डीएनए वाचून काढलेला) २०२० मध्ये आणि कांद्याचा २०२१ मध्ये छापून आला, भाताचा त्याच्या कितीतरी आधी झाला होता. ह्यावरूनच 'ओनियन टेस्ट' नावाचा एक टोमणा जीवशास्त्रात चालतो, की बाबा सगळा डीएनए कामाचाच असं म्हणत असाल तर कांद्याला आपल्यापेक्षा पाचपट कशाला लागतो ते आधी सांगा.

गंमत म्हणजे हाच कांदा प्रयोगशाळेत हत्यार म्हणून फार वापरला जातो. गुणसूत्रं फक्त १६ आणि चांगली मोठी, म्हणून कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ग्लासवर कांदा ठेवून मुळं फोडतात नि टोक रंगवून पेशीविभाजन बघतात. स्वीडनमध्ये आल्बर्ट लेव्हानने १९३८ मध्ये पेशीविभाजन अडवणाऱ्या कोल्चिसिनचा परिणाम कांद्याच्या मुळांवरच तपासला होता, आणि त्याच्याच लॅबमध्ये १९५५ मध्ये माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत हे मोजलं गेलं.

डोळ्यातल्या पाण्याचंही शास्त्र आहे. अख्ख्या कांद्याला फार वास नसतो, कारण गंधकाचा पदार्थ आणि एन्झाइम पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, चिरलं की एकत्र येतात. डोळ्याला झोंबणारा वायू बनवणारं एक वेगळंच एन्झाइम असतं हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं आणि त्याबद्दल २०१३ मध्ये त्यांना इग नोबेल (गमतीशीर वाटणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. विळीची धार गेली असेल तर लावून घ्या, बोथट पात्याने जास्त थेंब नि जास्त जोरात उडतात हे कॉर्नेलमध्ये २०२५ ला कॅमेऱ्याने टिपलंय. लसणाचं तसंच, उग्र वासाचा ॲलिसिन (१९४४ मध्ये वेगळा काढला) ठेचल्यावरच तयार होतो, म्हणून खरड्यातला लसूण आणि न ठेचता आमटीत टाकलेली पाकळी ह्यांची चव एक नसते. कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर स्टॅनफर्डने १९२ लोकांना सहा महिने लसूण, लसणाच्या गोळ्या नाहीतर नुसतं प्लासिबो (औषध नसलेलं, नावापुरतं) देऊन बघितलं, २००७ चा निकाल, एलडीएलमध्ये (वाईट कोलेस्टेरॉलमध्ये) दखल घ्यावी असा फरक पडला नाही. तरी घरोघरी उपाशीपोटी पाकळी चालूच आहे, चालू दे.

आपल्या जवळचं मोठं केंद्र म्हणजे राजगुरुनगरचं कांदा व लसूण संशोधन संचालनालय. १९९४ ला नाशिकला सुरू झालं, १९९८ ला भीमेकाठी आलं, म्हणून जातींची नावं भीमा सुपर, भीमा शक्ती, भीमा किरण, लसणात भीमा ओंकार. परदेशी बी आणून इथे का चालत नाही तर कांदा दिवसाची लांबी मोजतो. युरोपातल्या जातींचा कांदा पोसायला १४-१६ तासांचा दिवस लागतो, साताऱ्यात जूनमधला मोठ्यात मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या पुढे जात नाही, मग नुसती पातच वाढते.

राहिली साठवण, आणि शेतकऱ्याचं खरं दुखणं तेच. खरिपाचा हळवा टिकतच नाही, काढला की विकायचा. गरवा टिकतो, भीमा किरणसारखी जात पाच-सहा महिने, पण माना पडू द्यायच्या, पात सुकवायची, मान ठेवून कापायची आणि खालून हवा खेळेल अशी कांदाचाळ पाहिजे. तरी वजन घटतं, काजळी येते, सडतो, कोंब येतात. कोंबावर इलाज म्हणून लासलगावला २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचा कोबाल्टच्या गॅमा किरणांचा प्लांट आहे. किरण दिल्यावर कोंब थांबतात, पण आधीच भिजलेला किंवा मार लागलेला कांदा त्याने वाचत नाही, तो सडायचा तो सडतोच.