पोटरी कुठे आणि किती दाबायची?

भातलावणीच्या दिवसांत आजी रात्री पाय बांधून झोपायची. दिवसभर चिखलात वाकून पोटऱ्या भरून आलेल्या असायच्या. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून ती गुडघ्याच्या जरा खाली दोन वेढे द्यायची आणि करकचून गाठ मारायची. ‘दाबलं की बरं वाटतं,’ एवढंच तिचं शास्त्र. सकाळी पट्टी सोडली की खोल वळ दिसायचा आणि पावलावर हलकी सूज.

तिचं अर्धं शास्त्र बरोबर होतं. दाबल्यावर खरंच बरं वाटतं. चुकायची ती जागा. आणि आज चांगले पैसे मोजून कॉम्प्रेशनचे, म्हणजे पाय आवळून धरणारे मोजे घेणारी आम्ही पळणारी मंडळी पुष्कळदा तिथेच चुकतो.

जागा का महत्त्वाची, हे कळायला आधी पोटरीचं काम बघावं लागतं. उभ्या माणसाच्या हृदयापासून घोट्यापर्यंत साधारण १२० सेंटिमीटर अंतर धरू. तेवढ्या उंचीच्या रक्ताचा सगळा भार घोट्याजवळच्या शिरांवर येतो. हिशेब केला तर हा दाब ९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास निघतो. बीपी ज्या मापात सांगतात तेच हे माप. एवढा दाब सोसून रक्त वर चढवायचं कोणी? ते काम पोटरी करते. वरून फुगीर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस आणि त्याच्याखाली दडलेला चपटा सोलियस, हे दोन स्नायू पाऊल टाकताना आवळतात. त्यांच्यामधल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. गावातला हापसाच म्हणा. चालत राहिलं की घोट्याजवळचा दाब ९० वरून साधारण तिशीपर्यंत उतरतो. उभं राहिलं की हापसा थांबला. मग संध्याकाळी वर्गावरून आलेल्या शिक्षिकेचे किंवा चौकात उभ्या असलेल्या हवालदाराचे पाय जड होतात, त्यात नवल नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडो शहरात, कॉनराड जॉब्स्ट नावाचा एक जर्मन वंशाचा इंजिनिअर राहायचा. त्याला व्हेरिकोज व्हेन्सचा, म्हणजे पायाच्या शिरा फुगण्याचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके होतात, हे त्याच्या लक्षात आलं. ‘पाण्यात बरं वाटतं’ एवढ्यावर त्याच्यातला इंजिनिअर थांबला नाही. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. छातीपर्यंतच्या, म्हणजे १२० सेंटिमीटर पाण्यात पावलापाशी बाहेरून ८८ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पडतो. आतून रक्ताचे ९०, बाहेरून पाण्याचे ८८. तराजू जवळजवळ समतोल! आणि वर वर जावं तसे दोन्ही सारख्याच गतीने कमी होत जातात. मग असाच, खाली जास्त आणि वर कमी दाब देणारा मोजा विणता येईल का? १९५० च्या सुमारास त्याने तो बाजारात आणला. आजच्या कॉम्प्रेशन मोज्यांचं मूळ या तलावात आहे.

आता आजीची पट्टी आठवा. सगळा दाब गुडघ्याखाली, घोट्याला काहीच नाही. हापशाच्या वरच्या तोंडालाच बूच.

मोज्याच्या पाकिटावर ‘एमएमएचजी’ असं लिहून एक आकडा दिलेला असतो, तो मिलिमीटर पाऱ्याचा आणि घोट्यापाशी पडणाऱ्या दाबाचा. ८ ते १५ म्हणजे सौम्य. १५ ते २० हा पळणाऱ्यांचा आणि प्रवाशांचा नेहमीचा गट. २० ते ३० पासून वैद्यकीय प्रांत सुरू होतो. तो आणि त्याच्या वरचा ३० ते ४० चा मोजा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायात चढवू नये. ज्या पाकिटावर आकडाच नाही, नुसतं ‘हाय कॉम्प्रेशन’ आणि विजेचं चित्र आहे, ते माझ्या मते घट्ट मोजे आहेत, बाकी काही नाही.

पण आकडा बरोबर असूनही मोजा चुकू शकतो. माझं तेच झालं. दुकानात विचारलं गेलं, ‘बुटाचा नंबर काय?’ मी आठ सांगितला, मोजा मिळाला, आणि तासाभरात गुडघ्याखाली काच पडला. बुटाचा नंबर पावलाची लांबी सांगतो. पोटरीच्या घेराशी त्याचा काय संबंध?

इथे लाप्लास हा फ्रेंच गणिती कामाला येतो. त्याचा नियम सोप्या भाषेत असा: कापडाचा ताण तेवढाच असेल, तर गोलाई जितकी लहान तितका दाब जास्त. टेप घेऊन माझा पाय मोजला. घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागी २२ सेंटिमीटर, पोटरीच्या सगळ्यात फुगीर जागी ३६. एकाच ताणाचं कापड गुंडाळलं तर घोट्यावर पोटरीच्या दीडपटीहून जास्त दाब पडेल. म्हणजे पायाचा आकार आपसूकच मदत करतो. पण हाच मोजा ४२ च्या पोटरीवर चढवला, तर कापड तिथे फार ताणलं जातं, पोटरीवरचा ताण वाढतो आणि घोट्याचा जास्त, पोटरीचा कमी हा क्रम बिघडतो. माझ्या बुटाच्या नंबराच्या मोज्याचंही असंच झालं, तो मुळात बारीक पोटरीसाठी विणलेला होता. नडगीच्या हाडावर मोजा जास्त टोचतो, तोही याच नियमाने. हाडाची कड धारदार, म्हणजे तिथली गोलाई अगदी लहान.

म्हणून मापं सकाळी उठल्या उठल्या घ्यावीत, सूज चढायच्या आत: घोट्याच्या वरचा घेर, पोटरीचा घेर, आणि गुडघ्यापर्यंतचा मोजा असेल तर टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची. मग कंपनीचा तक्ता बघायचा. मोजा लांब झाला म्हणून वरची कड दुमडू नका. दुमडलेल्या जागी कापड दुहेरी होतं, दाबही दुहेरी, आणि आजीची पट्टी परत आली. संध्याकाळी मोजा काढल्यावर विणीच्या बारीक रेघा उमटलेल्या असतील तर हरकत नाही. गुडघ्याखाली बोट फिरवल्यावर खाच लागली, पाऊल थंड पडलं किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर तो मोजा तुमचा नाही.

बरं, या सगळ्याने आखडलेली पोटरी मोकळी होते का? इथे जाहिराती आणि विज्ञान यांची फारकत होते. मोजा रक्त ढकलायला मदत करतो. पळताना प्रत्येक पावलाला पोटरीचं मांस थरथरतं, ती थरथर कमी करतो. पळून झाल्यावर घातला तर दुसऱ्या दिवशीचं दुखणं थोडं कमी जाणवतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. वेग मात्र वाढत नाही, किंवा वाढलाच तर मोजता येण्याइतका नाही. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून मॅरेथॉन धावायची, त्यामुळे या मोज्यांना वलय आलं. पण तिचा वेग तिच्या मोज्यांत नव्हता. शिवाय या अभ्यासांत एक अडचण कायमची आहे. गोळी देताना साखरेची खोटी गोळी देता येते. पायावर घट्ट मोजा आहे की नाही, हे माणसाला कळणारच.

आणि ‘आखडली’ ही बहुतेकदा जाणीव असते, स्नायू खरोखर आखूड झालेला असतोच असं नाही. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलेल्यांना विचारा. यवतेश्वरचा घाट चढताना पोटरी पेटते, आणि उतरताना ताणल्या जाणाऱ्या स्नायूंनाच ब्रेक लावावा लागतो. त्या कामाची सवय नसलेली, कमकुवत पोटरी ओढल्यासारखी वाटत राहते. तिला जोर लागतो. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून सावकाश वर, सावकाश खाली. गॅस्ट्रोक्नेमियससाठी गुडघे सरळ ठेवून, सोलियससाठी किंचित वाकवून. पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो. फुकट आहे, म्हणून दुकानात मिळत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. मोजा शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. थोडं चाललं की पोटरी दुखते आणि थांबलं की जाते, विशेषतः तंबाखू किंवा विडी-सिगारेटची सवय असेल तर, पायाच्या रोहिणींत अडथळा असू शकतो. रक्त खाली नीट पोचतच नाही, अशा पायावर बाहेरून दाब टाकणं धोक्याचं. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनीही आधी विचारून घ्यावं, कारण काच पडलेला त्यांना कळणार नाही.

राहिला प्रश्न मोजा की स्लीव्हचा. स्लीव्हला पाऊल नसतं. पळताना हापसा चालू असतो, त्यामुळे ती पुरते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बोटांच्या बेचक्यांना हवाही लागते, आणि आवडीचे साधे मोजे खाली घालता येतात. पण तासन्‌तास बसून राहायचं असेल तर स्लीव्ह नको. पोटरी दाबलेली आणि पाऊल मोकळं, मग पाणी पावलात साठतं. लांबच्या विमानप्रवासात गुडघ्याखालचे मोजे घालणाऱ्यांच्या पायांत लक्षणं न दाखवणाऱ्या गुठळ्या कमी होतात, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. या मोज्यांच्या बाजूने इतका भक्कम पुरावा पळण्याच्या बाबतीत नाही.

माझे मोजे आता बरोबर मापाचे आहेत, १५ ते २० चे. पळायला जाताना ते क्वचितच घालतो. कोकणातल्या घरी जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये मात्र न चुकता, बस सुटायच्या आधी. टाचेपर्यंत उलटा करून, आधी पाऊल, मग टाच नीट बसवून, मग तळव्याने सारत वर. शेजारचे काका एकदा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, ‘एवढी खटपट? गावी पोचलास की पाय दाबून घे.’

‘दहा तास आहेत काका,’ मी म्हटलं.