अविश्वासाला दिलेली रजा आणि कथानकातला कच्चा दुवा

‘रेड ड्वार्फ’ ही विनोदी विज्ञानमालिका फेब्रुवारी १९८८ मध्ये बीबीसी टू वाहिनीवर सुरू झाली. पहिल्याच भागात तिने प्रेक्षकाच्या गळी काय काय उतरवले, ते पाहण्यासारखे आहे. डेव्ह लिस्टर हा यानावरचा अगदी खालच्या पायरीवरचा तंत्रज्ञ चोरून मांजर आणतो, शिक्षा म्हणून काळ गोठवणाऱ्या कोठडीत जातो, मधल्या काळात किरणोत्साराने बाकीचे सगळे मरतात, आणि तो बाहेर येतो तेव्हा तीस लाख वर्षे उलटून गेलेली असतात. यान शाबूत असते, दिवे लागतात, दारे उघडतात, आणि यानाच्या पोटात सुरक्षित राहिलेल्या त्या गाभण मांजरीचा वंश उत्क्रांत होत होत एका नखरेल, कपड्यांच्या नादी लागलेल्या, माणसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यापर्यंत पोहोचलेला असतो. हे सारे आपण निमूट स्वीकारतो. मात्र त्याच मालिकेत मेलेल्या कर्मचाऱ्यांचा आकडा सुरुवातीला १६९ असतो आणि पुढे ११६९ होतो, तेव्हा चाहता लगेच त्यावर बोट ठेवतो. तीस लाख वर्षे पचवणाऱ्याला एक हजार माणसे जड का जावीत, असा प्रश्न एखाद्याला पडेल.

तो पडतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली मोजल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे प्रेक्षकाने आपल्या अविश्वासाला राजीखुशीने दिलेली रजा. या कल्पनेला नाव दिले ते कवी कोलरिजने, १८१७ साली, आणि तेही स्वतःच्या अद्भुतरम्य कवितांविषयी लिहिताना. त्याच्या मांडणीत ‘राजीखुशीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण वाचक फसलेला नसतो. हे खरे नाही हे ठाऊक असूनही तो तेवढ्यापुरता वाद घालत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कथानकातला कच्चा दुवा, ज्याला हल्ली सर्रास ‘प्लॉट होल’ म्हटले जाते. कथेने स्वतः सांगितलेल्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, किंवा कथेनेच हाती दिलेले साधन ऐन अडचणीच्या वेळी पात्रांना आठवतही नाही, तेव्हा तो दुवा कच्चा ठरतो. म्हणजे रजेचा प्रश्न कथा आणि बाहेरचे जग यांच्यातल्या अंतराचा आहे, तर कच्च्या दुव्याचा प्रश्न कथेच्या स्वतःशीच असलेल्या भांडणाचा आहे. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात सांगून ठेवले आहे की, न पटणाऱ्या शक्यतेपेक्षा पटणारी अशक्यता बरी. विनोदी विज्ञानमालिकांचे सारे दुकान या ‘पटणाऱ्या अशक्यते’वरच चालते.

इथवर बहुतेकांचे एकमत होते. गोंधळ सुरू होतो तो ‘विनोदी’ या शब्दापाशी. मालिका हसवण्यासाठीच असेल तर तिच्यात तर्क शोधायचाच कशाला, हा युक्तिवाद इतका प्रचलित आहे की १९८८ सालीच अमेरिकेत सुरू झालेल्या ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या मालिकेने तो थेट शीर्षकगीतातच घालून टाकला: नायक अंतराळात खातो काय आणि श्वास कसा घेतो, असले प्रश्न पडले तर हा केवळ एक कार्यक्रम आहे हे स्वतःला बजावा आणि निवांत व्हा, अशा अर्थाचा सल्ला तिथे प्रेक्षकाला मिळतो. त्या कार्यक्रमापुरता तो सल्ला चोख आहे, कारण वाईट सिनेमे पाहत त्यांची टर उडवणे हाच तिथला ऐवज आहे आणि अंतराळयान हे निव्वळ निमित्त आहे. पण हाच सल्ला सगळ्या विनोदी विज्ञानमालिकांना लावला की घोटाळा होतो. माझ्या मते गोष्ट उलटी आहे. शोकांतिकेचा एखादा नियम मोडला तरी भावनेच्या जोरावर ती तरून जाऊ शकते. विनोद मात्र बहुतेक वेळा नियमावरच उभा असतो, आणि नियम डळमळला की हसू तिथेच विरते.

हे जवळून पाहायचे असेल तर ‘रेड ड्वार्फ’मधला आर्नल्ड रिमर घ्यावा. तो मेलेला आहे आणि होलोग्राम म्हणून वावरतो. कपाळावर इंग्रजी ‘एच’ अक्षर आहे आणि त्याला कोणत्याही वस्तूला हात लावता येत नाही. आता हा होलोग्राम पलंगावर बसतो, जमिनीवर उभा राहतो, जिने चढतो. हात आरपार जाणारा मनुष्य जमिनीतून खाली का पडत नाही, हा प्रश्न अगदी रास्त आहे, पण तो कच्चा दुवा नाही. तो रजेच्या खात्यात जातो. याचे कारण असे की, रिमरच्या पायांवर कोणताही विनोद आधारलेला नाही. विनोद आधारला आहे तो हातांवर: हुकूम सोडण्याची जबर हौस असलेला हा माणूस साधे बटणही दाबू शकत नाही, आणि ज्याच्याशी त्याचे क्षणभर पटत नाही त्या लिस्टरवर किंवा यानावरच्या यंत्रमानवांवर त्याला विसंबून राहावे लागते. समजा, एखाद्या भागात कथेची सोय म्हणून रिमरने सहज दार ढकलले असते, तर भौतिकशास्त्राचे काहीच बिघडले नसते, पण त्या पात्राची सगळी गंमत मात्र गेली असती. पुढे १९९३ साली एका भागात त्याला ‘हार्ड लाइट’चे, म्हणजे स्पर्श करू शकणारे, शरीर मिळते. तिथेही नियम बदललाच, मग त्याला कच्चा दुवा का म्हणायचे नाही? कारण तो बदल प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत, कथेतल्या एका घटनेमुळे झाला आणि पुढच्या भागांनी तो पाळला.

आकड्याकडे परत येऊ. १६९ आणि ११६९ यांतली तफावत ही खरे तर कच्चा दुवाही नव्हे. ती सातत्यातली चूक आहे, हिशेबनिसाची चूक म्हणावी तशी. तिच्यावर कुठलेही कथानक टेकलेले नाही. त्याच मालिकेतली खरी खोट दुसरीकडे आहे. सुरुवातीच्या भागांत लिस्टर हा यानावरच्या सहकारी क्रिस्टीन कोचान्स्कीवर दुरूनच झुरणारा, तिच्यापाशी मन उघड करण्याचे धाडस कधी न झालेला माणूस आहे. पुढे मात्र तो तिचा जुना प्रियकर असल्याचे गृहीत धरले जाते. इथे आकडा नव्हे, माणूस बदलतो. तीस लाख वर्षांनंतरही न बोललेल्या प्रेमाचा ध्यास घेऊन बसणे आणि तुटलेल्या नात्याची आठवण काढणे हे दोन वेगळे विनोद आहेत आणि दोन वेगळी दुःखेही आहेत.

मग मालिकेने स्वतःच चूक कबूल केली तर? ‘रेड ड्वार्फ’च्या दुसऱ्या पर्वाचा शेवट लिस्टर गरोदर असल्याच्या बातमीवर झाला होता. १९८९ च्या नोव्हेंबरात तिसरे पर्व सुरू झाले तेव्हा बाळे गायब होती, यानाचा संगणक हॉली पुरुषाऐवजी स्त्रीच्या चेहऱ्याने बोलत होता, आणि आधी एकाच भागात आलेला क्रायटन हा यंत्रमानव कायमचा मुक्कामाला होता. या सगळ्याचा खुलासा पडद्यावर खालून वर सरकणाऱ्या मजकुरात होता, पण तो मजकूर इतक्या वेगाने सरकतो की चित्र थांबवल्याशिवाय वाचता येत नाही. ही सारवासारव नामी आहे, आणि ती चालून जाते, कारण जे झाकायचे होते ते बहुतांशी कथेबाहेरचे होते: नट बदलले, लेखकांना मालिकेचा बाज बदलायचा होता. मात्र संकट टळलेच कसे हे सांगायच्या जागी पात्राने प्रेक्षकाकडे पाहून डोळा मिचकावला, तर ती कबुली नव्हे, पळवाट होते. गेल्या काही वर्षांत ही सवय फार बोकाळली आहे. भोक दाखवून हसल्याने भोक बुजत नाही.

याच तिसऱ्या पर्वाचा पहिला भाग या दोन गोष्टींतला फरक दाखवायला उत्तम आहे. त्यात मंडळी अशा पृथ्वीवर पोहोचतात जिथे काळ उलटा वाहतो. ही कल्पना जरा खरवडली की खाली काहीच उरत नाही: पुढे चालणारा माणूस आणि मागे चालणारे जग एकमेकांशी दोन वाक्ये तरी कशी बोलणार? पण भागात एक नियम कसोशीने पाळला आहे, तो म्हणजे आधी परिणाम आणि मग कारण. रिमर आणि क्रायटन यांना पबचा मालक कामावरून काढतो तो मारामारी केल्याबद्दल, आणि मारामारी अजून व्हायची असते. ती होते तेव्हा मोडलेले सामान धडाधड जागेवर येऊन बसते. अशक्यतेला तळ नाही, पण विनोदाला आहे. त्या मालकाचे उलटे बोलणेही निव्वळ बडबड नाही. ध्वनिफीत उलटी वाजवली तर तो कथेशी संबंध सोडून, हे वाक्य उलटे फिरवून ऐकण्याचा उपद्व्याप करणाऱ्या प्रेक्षकाचीच कीव करत असल्याचे कळते. चुका शोधणाऱ्याला इतकी कष्टाची दाद क्वचितच कोणी दिली असेल.

‘फ्युचरामा’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेने तर असा चिकित्सक मुलगाच पात्र म्हणून आणला. प्रोफेसर फार्न्सवर्थचा बारा वर्षांचा क्लोन क्युबर्ट सारखे ‘हे अशक्य आहे’ म्हणत फिरतो. प्रकाशापेक्षा वेगाने जाता येत नाही, असे त्याने म्हणताच प्रोफेसर मान्य करतो आणि म्हणूनच शास्त्रज्ञांनी २२०८ साली प्रकाशाचा वेग वाढवला, असे सांगतो. हे उत्तर म्हणून निरर्थक आहे, आणि म्हणूनच चोख आहे: त्याने रजेचा अर्ज भरून प्रेक्षकाच्या हाती दिला, सही तेवढी आपण करायची. याच मालिकेच्या २०१० सालच्या एका भागात मात्र उलट शिस्त दिसते. दोघांची शरीरे अदलाबदल करणारे यंत्र एकदा अदललेली जोडी पुन्हा अदलत नाही, असा नियम ठरतो आणि पात्रे एकमेकांच्या शरीरांत पार गुंतून जातात. लेखक केन कीलर हे गणितात डॉक्टरेट मिळवलेले असल्याने त्यांनी हा गुंता सोडवणारे प्रमेय खरोखर सिद्ध केले: अदलाबदलीत आधी न पडलेली दोन माणसे मिळाली की कितीही गोंधळ झाला तरी प्रत्येकाला स्वतःच्या शरीरात परत आणता येते. ती सिद्धता पडद्यावर फळ्यावर लिहिलेली दिसते. यंत्र अशक्य, हिशेब निर्दोष.

सगळ्यात अवघड जागा असते ती लेखकाने स्वतःलाच कोंडून घेतलेली. ब्रिटिश विनोदी लेखक डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या गॅलक्सी-भटकंतीच्या कथेत, जी रेडिओवर १९७८ साली आणि दूरचित्रवाणीवर १९८१ साली आली, दोन नायकांना यानातून उघड्या अंतराळात फेकले जाते. तिथून सुटका होणे इतके असंभाव्य होते की ॲडम्स यांनी असंभाव्यतेलाच इंजिन बनवले आणि त्या इंजिनावर चालणारे यान त्यांना उचलून नेते. कच्चा दुवा होऊ पाहणाऱ्या जागेचेच गृहीतक झाले. अशा इंजिनाने पुढचे प्रत्येक संकट फुकटात सुटू शकले असते. ते होत नाही, कारण ते सुरू झाले की सुटकेबरोबर भलतेच काहीतरी पदरात पडते. शत्रूची क्षेपणास्त्रे नाहीशी होतात, पण त्यांच्या जागी आकाशातून कोसळणारा देवमासा येतो, आणि बिचाऱ्याला आपण कोण हे समजेपर्यंत जमीन येते.

कधी कधी मात्र एखादी जागा या दोहोंपैकी कुठल्या खात्यात टाकावी, हे वर्षानुवर्षे ठरतच नाही. ‘फ्युचरामा’च्या १९९९ सालच्या पहिल्या भागात पिझ्झा पोचवणारा फ्राय खुर्चीवर मागे रेलतो, तोल जाऊन गोठवणाऱ्या नळकांड्यात पडतो आणि हजार वर्षांनी जागा होतो. सुरुवातीचा योगायोग म्हणून त्याला कोणीही हरकत घेणार नाही. २००३ साली एका भागात कळले की तो योगायोग नव्हताच. निब्लर या चिमुकल्या प्राण्याने त्याला मुद्दाम ढकलले होते. मागाहून लावलेले ठिगळ म्हणून हे सोडून देता आले असते. पण पहिला भाग पुन्हा लावून, फ्रायकडे न पाहता टेबलाखाली पाहिले, तर तिथे निब्लरची सावली आहे.