डब्याखालचा आकडा काय सांगत नाही

प्लॅस्टिकच्या डब्याच्या किंवा बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो आणि तो सुरक्षिततेचा दर्जा दाखवतो, असा समज बराच रूढ आहे. वास्तविक १९८८ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ही खूण सुरू केली ती टाकाऊ वस्तू वेगवेगळ्या करणे सोपे जावे म्हणून. वस्तू कोणत्या प्लॅस्टिकची आहे, एवढेच तिच्यावरून कळते.

अन्नात काय उतरेल, हे मुख्यतः उष्णता, स्निग्धता आणि वेळ यांवर ठरते. प्लॅस्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता असतो. या साखळ्या सहसा जागा सोडत नाहीत, पण त्यांच्यामध्ये अडकून राहिलेले लहान रेणू, उदाहरणार्थ मऊपणासाठी मिसळलेली द्रव्ये किंवा उत्प्रेरकाचे अंश, हळूहळू बाहेर झिरपतात. तापमान वाढले की साखळ्यांची हालचाल वाढते आणि या रेणूंना वाट मिळते. शिवाय त्यांतील बरेचसे पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. म्हणूनच ज्या डब्यात कोरडे धान्य निर्धास्त ठेवता येते, त्यातच गरम, तेलकट पदार्थ तासन्‌तास ठेवणे योग्य नाही.

पाण्याच्या बाटल्यांचे ‘पेट’ नावाचे प्लॅस्टिक (आकडा १) साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. उकळते पाणी ओतताच बाटली आकसते ती त्यामुळेच. पॉलिप्रॉपिलीन (आकडा ५) सुमारे १६० अंशांना वितळते, त्यामुळे मायक्रोवेव्हचे डबे बहुधा त्याचे असतात. मात्र मायक्रोवेव्हमध्ये अन्न सगळीकडे सारखे तापत नाही आणि तेलकट भाग १०० अंशांच्याही वर जातो, हे पाहता अन्न काचेच्या भांड्यात काढून गरम करणेच मला श्रेयस्कर वाटते.

आकडा ७ म्हणजे केवळ ‘इतर’. त्यात पॉलिकार्बोनेट हे कडक प्लॅस्टिकही येते, ज्यातून बिस्फेनॉल-ए (बीपीए) हे शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकणारे रसायन अन्नात उतरू शकते. युरोपीय संघाने तान्ह्या बाळांच्या अशा बाटल्यांवर २०११ मध्येच बंदी घातली. ‘बीपीए-मुक्त’ या शब्दांनी मात्र फार हुरळून जाऊ नये, कारण काही उत्पादनांत त्याच्या जागी त्याचेच भावंड, बिस्फेनॉल-एस, वापरले गेले आहे.

आत ओरखडे पडलेला डबा बाद करावा, कारण त्या खाचांत जंतू टिकून राहतात. अन्न निवल्यावर डब्यात भरावे हे खरे, पण त्यासाठी ते दोन तासांहून अधिक उघड्यावर ठेवल्यास जंतूंची वाढ होते. पसरट धातूच्या भांड्यात ते लवकर निवते.