डंपिंगविरोधी व सबसिडीविरोधी चौकशी (बेळगाव सीमाभाग)

परदेशी उत्पादक आपला माल स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतो, त्यापेक्षा पडेल भावाने दुसऱ्या देशात पाठवू लागला की त्याला डंपिंग म्हणतात. तिथल्या सरकारने अनुदान दिल्यामुळे माल स्वस्त झाला असेल, तर प्रश्न सबसिडीचा होतो. अशा आयातीने देशातल्या उद्योगाचे नुकसान होते आहे का, हे तपासून जादा शुल्काची शिफारस करणारी सरकारी प्रक्रिया म्हणजे ही चौकशी. बोलण्यात आपण स्वस्त चिनी मालाला सरसकट ‘डंपिंग’ म्हणतो. कायद्याला तेवढे पुरत नाही. डंपिंग झाले, नुकसान झाले आणि ते नुकसान त्या डंपिंगमुळेच झाले, या तिन्ही गोष्टी कागदावर सिद्ध कराव्या लागतात. मागणी घटली, वीज महागली किंवा देशातल्या देशात चढाओढ वाढली म्हणून झालेला तोटा त्यातून वगळला जातो.

हिशेब उदाहरणाने समजतो. समजा, एखादे कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेला भाग, परदेशातल्या बाजारात कारखान्याच्या फाटकावर किलोला १०० रुपयांना विकले जाते आणि भारतासाठी त्याच फाटकावर ८० रुपयांना. फरक २० रुपये. निर्यात किमतीवर मोजला तर डंपिंगचे प्रमाण २५ टक्के. आता बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला खर्च आणि वाजवी परतावा धरून ९२ रुपये मिळायला हवेत आणि परदेशी माल बंदरात उतरून ८४ रुपयांना पडतो, असे धरू. नुकसान भरून काढायला ८ रुपये पुरतात. भारतात या दोन आकड्यांपैकी लहान आकड्याइतकेच शुल्क सुचवले जाते. डंपिंगचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी निघाले, तर त्या निर्यातदाराविरुद्धची चौकशी तिथेच संपते.

अशा शुल्काचा पहिला कायदा कॅनडाने १९०४ मध्ये केला. १९४७ च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे सहावे कलम आणि पुढे जागतिक व्यापार संघटनेचे करार यांनी त्याला आंतरराष्ट्रीय चौकट दिली. भारतात सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ मधील कलम ९ सबसिडीसाठी आणि ९अ डंपिंगसाठी आहे. कामकाजाचे नियम १९९५ चे आहेत. पहिली डंपिंगविरोधी चौकशी १९९२ मध्ये सुरू झाली. २०१८ पासून हे काम वाणिज्य मंत्रालयाखालचे व्यापार उपाय महासंचालनालय (डीजीटीआर) पाहते. साधारण वर्षभरात, फार तर दीड वर्षात, अंतिम निष्कर्ष द्यावा लागतो. मात्र महासंचालनालय शिफारसच करते. शुल्क लावायचे की नाही हे अर्थ मंत्रालय ठरवते आणि शिफारस नाकारल्याची उदाहरणे कमी नाहीत. लागलेले शुल्क एरवी पाच वर्षे टिकते. वाढवायचे असेल तर पुन्हा चौकशी होते.

बेळगावसारख्या ठिकाणी खरी अडचण अर्जापाशीच येते. अर्जाला पाठिंबा देणाऱ्या कारखान्यांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या निदान २५ टक्के असावे लागते आणि विरोध करणाऱ्यांपेक्षा ते जास्तही असावे लागते. पोलाद किंवा रसायने बनवणाऱ्या दोन-तीन बड्या कंपन्या एकत्र आल्या की ही अट पुरी होते. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्र्या, म्हणजे ओतकामाचे कारखाने, लहान आहेत. पंप, व्हॉल्व्ह, मोटारी यांचे सुटे भाग त्या ओततात; प्रत्येक भागाचे डिझाइन निराळे, वजन निराळे, भाव निराळा. चौकशीला मात्र एका ठरावीक वस्तूचा किलोमागचा खर्च हवा असतो आणि तोही मागच्या तीन वर्षांच्या तुलनेसह. सनदी लेखापाल आणि दिल्लीतला वकील यांचा खर्च वेगळाच. विखुरलेल्या उद्योगांना संघटनेमार्फत नमुन्यादाखल निवडलेल्या कारखान्यांची माहिती देऊन अर्ज करण्याची सोय २०२१ मध्ये झाली. ती व्हायला फार उशीर लागला, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. कायदा सगळ्यांना सारखा असला, तरी ज्याची वही नीट त्याचेच नुकसान दिसते.

ओतकामाचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. पवनचक्क्यांना लागणाऱ्या चिनी कास्टिंगवर २०१६ मध्ये भारताने सबसिडीविरोधी शुल्क लावले. भारतातल्या सबसिडीविरोधी कारवाईचे हे आरंभीचे प्रकरण. त्याच वर्षी मेटकोक म्हणजे भट्टीत जाळायच्या कोळशाच्या कोकवर डंपिंगविरोधी शुल्क बसले: चिनी मालावर टनाला २५.२० डॉलर, ऑस्ट्रेलियन मालावर १६.२९ डॉलर. कोक बनवणाऱ्यांना त्यामुळे आधार मिळाला, पण कोक जाळून लोखंड वितळवणारी क्युपोला भट्टी चालवणाऱ्या ओतकाम कारखानदाराचा कच्चा माल महागला. नियमांनुसार असे वापरकर्तेही चौकशीत बाजू मांडू शकतात, सुनावणीला येऊ शकतात. हा हक्क लहान कारखानदारांपर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी नोटीस निघाल्यावर उत्तराला मिळणारे सुमारे तीस दिवस बघता बघता सरतात.

रेशमात हा पेच आणखी जवळचा वाटतो. चीनमधून येणाऱ्या तुतीच्या कच्च्या रेशमावर २००३ मध्ये डंपिंगविरोधी शुल्क लागले आणि पुढे त्याला मुदतवाढही मिळाली. कर्नाटक हे देशातले आघाडीचे रेशीम उत्पादक राज्य. स्वस्त आयातीने कोषाचा भाव पडला की तुती लावलेला शेतकरी भरडला जातो. पण याच राज्याच्या वायव्य टोकाला, बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागांतल्या मागांवर रेशमी साड्या विणल्या जातात. यंत्रमागाच्या ताण्याला, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांना, एकसारखा, न तुटणारा धागा लागतो आणि चिनी रेशीम त्यासाठी सोयीचे पडते. शुल्क लागले की विणकराचा धागा महाग, न लावले तर कोष मातीमोल. विणकराची बाजू केवळ सुताच्या भावाची नव्हती. तयार चिनी रेशमी कापडही बाजारात येत होते आणि त्यावर २००६ मध्ये वेगळे शुल्क लावावे लागले. धाग्यावर शुल्क लावून कापड मोकळे सोडले असते, तर माग आधी बंद पडले असते.

भारतीय मालावरही अशा चौकश्या होतात. अमेरिकेने १९८० मध्ये भारतीय लोखंडी ओतीव मालावर, मुख्यतः गटारांच्या झाकणांसारख्या वस्तूंवर, सबसिडीविरोधी शुल्क लावले होते. परदेशी चौकशीत इथल्या निर्यातदाराला तिथल्या प्रश्नावलीचे उत्तर मुदतीत द्यावे लागते. न दिल्यास हाती असलेल्या माहितीवरून दर ठरतो आणि तो बहुधा चढाच असतो.

चिकोडी, हुक्केरी, गोकाकच्या ऊसपट्ट्याशी जोडलेला वाद मात्र या चौकशीतला नाही. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊसदर व साखर निर्यात अनुदानांविरुद्ध २०१९ मध्ये थेट जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्या पंचमंडळाने भारताच्या विरोधात निर्णय दिला. त्यावर भारताने अपील केले. पण नव्या सदस्यांच्या नेमणुका अडल्याने अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प होते.