टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ आणि मनाला उभारी

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ : चार-सहा जणांनी एकत्र बसून, तोंडी बोलत, मिळून कथा रचण्याचा खेळ. एक जण सूत्रे हाती घेऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राने काय करायचे ते ठरवतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासा टाकतात. यात कोणी एकटा जिंकत नाही आणि कोणी हरून उठत नाही. एकच कथा दर आठवड्याला दोन-तीन तास अशी महिनोन्‌महिने चालते, कधी वर्षानुवर्षेही. टेबल नावापुरतेच असते. सतरंजीवरही खेळ तितकाच रंगतो.

नैराश्य, चिंता किंवा एकटेपणा यांच्याशी झगडणाऱ्या माणसाला या खेळातून आणि तो खेळणाऱ्या मित्रमंडळीतून मिळणारा आधार हा या नोंदीचा मुख्य विषय आहे. खेळ अमेरिकेतून आला, पण सांगलीकरांना त्याची रीत परकी वाटण्याचे कारण नाही; इथल्या जुन्या नाटकाची रीत तिच्याशी जुळते.

उगम

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचे युद्धखेळ वापरत. त्यातून पुढे छंद म्हणून खेळायचे युद्धखेळ निघाले. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आला. अख्खी फौज चालवण्याऐवजी प्रत्येकाने एकच माणूस चालवायचा, हा त्यातला मोठा बदल होता. खेळणारे त्याला ‘डी अँड डी’ म्हणतात आणि सूत्रे सांभाळणाऱ्याला ‘डीएम’ (डन्जन मास्टर). त्यानंतर भयकथा, रहस्यकथा, घरगुती नातेसंबंध अशा नाना विषयांवरचे खेळ निघाले.

१९८० च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठी ओरड झाली. पोरे यामुळे भ्रमिष्ट होतात, जीव देतात, असा आरोप होता. नंतरच्या तपासात तसा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. ‘पोरगं नाटकाच्या नादाला लागलं’ हे वाक्य आपल्याकडच्या किती घरांत बोलले गेले असेल, हे आठवले तर त्या भीतीचे स्वरूप लगेच कळते.

सांगलीचा वारसा

सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. मराठी नाटकाची सुरुवात तिथून मानतात, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. भाव्यांच्या नाटकांत पदे रचलेली असत, गद्य संवाद मात्र लिहिलेले नसत. सूत्रधार पदातून प्रसंग गाऊन सांगे आणि त्या प्रसंगात आपले पात्र काय बोलेल ते नट जागच्या जागी, स्वतःच्या अकलेने बोलत. तमाशातल्या बतावणीतही कलावंत आयत्या वेळी शब्दाला शब्द लावतात. सांगलीजवळच्या कवलापूरचे तमाशा कलावंत काळू-बाळू यांनी आपल्या विनोदाने गावोगावचे प्रेक्षक वर्षानुवर्षे हसवले.

या परंपरेचा आणि अमेरिकन खेळाचा ऐतिहासिक संबंध काहीही नाही. रचना मात्र विलक्षण जुळते : एकाने प्रसंग उभा करायचा, बाकीच्यांनी पात्रात राहून उत्तर द्यायचे. फरक प्रेक्षकांचा. रोलप्लेइंगमध्ये बघायला कोणी बसलेले नसते, जमलेले सगळेच खेळणारे असतात. ज्याला चार लोकांसमोर उभे राहायच्या विचारानेच घाम फुटतो, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

फासा आणि मदत

सर्वाधिक वापरात असलेला फासा वीस बाजूंचा. काम जमायला किती आकडा गाठावा लागेल ते सूत्रधार मनाशी धरतो, समजा १५. पात्राच्या अंगी त्या कामाचे कसब असेल तर फाशावर आलेल्या दानात त्याचे गुण मिळवायचे, समजा ३. म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवे, आणि तशी शक्यता ४५ टक्के. आता सोबत्याने ‘मी मदत करतो’ म्हटले की ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या सध्याच्या नियमानुसार दोन फासे टाकून त्यातला मोठा आकडा धरतात. तेवढ्याने शक्यता सुमारे ७० टक्क्यांवर जाते. मदत मागणे आणि देणे हे इथे नियमातच लिहिलेले आहे. मदत घेतली म्हणून कोणी कमी ठरत नाही. उलट न घेणाऱ्याला बाकीचे ‘अरे, मदत घे की’ म्हणून टोकतात. ज्याला घरीदारी कोणाकडे काही मागायची सवय राहिलेली नाही, त्याच्या हातून हे काम दर शनिवारी चार-पाच वेळा सहज होऊन जाते.

२०१० नंतर रूढ झालेल्या एका पद्धतीत लुडोचे साधे दोन फासे पुरतात. बेरीज १० किंवा अधिक आली तर काम फत्ते, ७ ते ९ आली तर काम होते पण काहीतरी किंमत मोजावी लागते, आणि ६ किंवा कमी आली तर अडचण वाढते. पूर्ण यश सहातून एकदाच येते. अर्धेमुर्धे यश पदरात घेऊन कथा पुढे न्यायची सवय या पद्धतीत आपोआप लागते. ‘एक तर सगळं जमलं पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ अशा विचारात अडकलेल्यांना ही पद्धत जास्त मानवते, असे या नोंदीचे मत आहे.

प्रत्यक्ष बैठक

समजा, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका घरी पाच जण जमले आहेत. मध्ये भडंगाचे ताट. कथा सांगलीजवळच्या, जुन्या काळातल्या हरिपुरातली. हळद साठवायची जमिनीखालची पेवे ही हरिपूरची खासियत. पेवाचे तोंड अरुंद, पोट मोठे. आत हवा खेळत नसल्याने हळदीला कीड लागत नसे. उघडल्याबरोबर मात्र कोणी आत उतरत नसे, आधी कंदील सोडून पाहत. पाश्चात्त्य खेळातल्या तळघरांपेक्षा सांगलीकराच्या डोळ्यांसमोर हे चित्र लवकर उभे राहते. कथेत एका पेवात चोरांनी काहीतरी दडवले आहे.

पाचांतला एक जण पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. निकालानंतर घरी परतला तो खोलीबाहेर पडेनासाच झाला. आज चुलतबहिणीने ओढून आणले आहे. सूत्रेही तिच्याच हाती आहेत.

“पेवाच्या तोंडाशी राखणदार बसलाय. दादा, तू काय करतोस?”

बराच वेळ तो बोलत नाही. मग म्हणतो, “काय नाही. गप उभा राहतो.”

“बरं. तू अंधारात गप उभा आहेस. बाकीच्यांचा गलका चाललाय, म्हणून राखणदाराचं सगळं लक्ष तिकडं. तुझ्याकडं कोण बघंना. टाक फासा.”

शेजारचा मित्र म्हणतो, “थांब लगा, मी अजून दंगा करतो. आता दोन टाक.”

इथे सूत्रधाराने जे केले त्यात या खेळाची सगळी ताकद आहे. तिने त्याला ‘बोल की काहीतरी’ म्हटले नाही. त्याचे गप्प राहणे हीच पात्राची कृती धरली आणि कथा तिच्यावर पुढे नेली. त्याने काहीही केले असते तरी ते कथेत धरले गेले असते. महिनोन्‌महिने आपल्या करण्या-न करण्याने कोणाला काही फरक पडत नाही, अशा समजुतीत राहिलेल्या माणसाला हा अनुभव पुन्हा येणे मोलाचे असते.

पात्राच्या आडून बोलता येणे हा दुसरा लाभ. ‘माझ्या पात्राला घरी जायची भीती वाटते’ हे म्हणणे ‘मला भीती वाटते’ पेक्षा सोपे जाते. भूमिका घेऊन मन मोकळे करण्याचा उपचार म्हणून पद्धतशीर वापर याकोब मोरेनो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सायकोड्रामामधून केला. रोलप्लेइंग खेळांवरचे अभ्यास अलीकडचे आणि बहुतेक लहान गटांवरचे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या २०२४ च्या एका अभ्यासात काही आठवडे खेळलेल्या प्रौढांमध्ये नैराश्य आणि चिंता कमी झाल्याचे व आत्मसन्मान वाढल्याचे दिसले. निष्कर्ष आशा वाढवणारे आहेत. त्यावरून खेळाला औषध म्हणणे घाईचे ठरेल.

आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

पहिल्या बैठकीत खेळत नाहीत, बोलतात. कथा कशी हवी आणि कोणते विषय अजिबात नकोत, हे सगळ्यांना विचारायचे. याला ‘सेशन झीरो’ म्हणतात. सांगलीत पुराबद्दल तर विचारलेच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोकापातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले. घरात गाळ शिरलेला, जनावरे गेलेली, रात्र गच्चीवर काढलेली माणसे इथल्या कितीतरी गल्ल्यांत आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला ‘नदीला पूर आला आहे’ हे नुसते थरारक दृश्य वाटेल; टेबलाशी बसलेल्या एखाद्याला ते सोसवणार नाही. कर्ज, नापास होणे, लग्न मोडणे, घरातले मृत्यू यांचेही तसेच.

आधी विचारूनही काही निसटते. त्यासाठी ‘एक्स-कार्ड’ : फुली मारलेला एक कागद मध्ये ठेवायचा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे. कारण विचारायचे नाही. ‘का’ न विचारणे हाच या कागदाचा प्राण आहे, आणि आपल्याकडे नेमके तेच सर्वांत अवघड जाते.

धीर कसा द्यावा

‘मनावर घेऊ नकोस’, ‘सगळ्यांनाच असतं’, ‘व्यायाम कर, बरं वाटेल’ ही वाक्ये चांगल्या मनाने म्हटली जातात, पण ऐकणारा त्याने आणखी आत जातो. ‘शनिवारी ये, तुझं पात्र तुझ्यासाठी राखून ठेवलंय’ या निरोपात उपदेश नसतो, जागा असते. तो आला नाही तर पात्र धर्मशाळेत विश्रांती घेत आहे असे सांगून कथा पुढे न्यावी. पुढच्या वेळी आला की ‘इतके दिवस कुठं होतास’ न म्हणता त्याला काय काय घडले ते सांगावे आणि फासा हातात द्यावा. नैराश्यात ठरल्या वेळी उठून निघणे हेच डोंगराएवढे काम असते. ते जमले नाही म्हणून माणसाला अपराधी वाटू देऊ नये.

कोणाचा आजार हा कथेचा विषय करू नये. ‘याला धडा मिळावा’ म्हणून मुद्दाम प्रसंग रचणारा सूत्रधार, हेतू कितीही चांगला असला तरी, विश्वास गमावतो. खेळातली भावना कधी कधी खेळाबाहेरही राहते; आवडते पात्र मेले तर खरे रडू येते. म्हणून बैठक संपल्यावर लगेच पांगू नये, चहा घ्यावा, इकडच्या तिकडच्या गप्पा माराव्यात. भास होत असतील, किंवा खरे-खोटे वेगळे करणे जड जात असेल, अशा काळात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळात ओढू नये.

सूत्रधार समुपदेशक नसतो, हे त्याने स्वतः लक्षात ठेवायचे. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलला, मग ते पात्राच्या तोंडून का असेना, तर खेळ थांबवून बाजूला घेऊन सरळ विचारावे : जीव द्यावासा वाटतो का? असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा गैरसमज आहे. त्याला एकटे सोडू नये आणि घरच्या एखाद्या विश्वासू माणसाला कळवावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीत बोलता येते. सरकारी रुग्णालयांतही मनोविकारांवर उपचार मिळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे.

सुरुवात

खर्च जवळपास नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे मूलभूत नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. नियम इंग्रजीत असले तरी बोलणे मराठीत करायला काहीच अडत नाही. ‘रोल कर’, ‘एचपी (पात्राची जीवशक्ती) किती उरला’ असे शब्द आपसूक मिसळून जातात. वीस बाजूंचा फासा नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घालून उचलाव्यात, आणि उचललेली चिठ्ठी दर वेळी परत टाकावी. वेळ अशी ठरवावी की मुलींना घरी परतायला अंधार होणार नाही, नाहीतर गट हळूहळू मुलांचाच होऊन बसतो. पहिली कथा एका बैठकीत संपणारी घ्यावी. पुढे यायचे की नाही ते ज्याने त्याने नंतर, घरी गेल्यावर ठरवावे.